बंड्याचा आहार-तक्ता

कुत्र्याला काय घालावं, हे अख्ख्या मुलुंडात आपल्याइतकं कुणालाच कळत नाही, असं नंदकुमार वर्तकांचं ठाम मत होतं. त्यांनी बंड्याचा आहार-तक्ता चक्क ऑफिसात टाइप करून आणला! उकडलेला खिमा, मऊ भात, गाजर, रविवारी अंडं. तेल बंद, गोड बंद. दुधवालासुद्धा हा तक्ता ऐकल्याशिवाय सुटत नसे.

आणि बंड्या फुगायला लागला.

नंदकुमारांनी भात निम्मा केला. बंड्या आणखी फुगला. खिमा निम्मा केला, तर त्याने ताटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि तरी आठवड्यात किलोभर चढला! नंदकुमारांना ऑफिसात बसवेना, घरी चैन पडेना. शेवटी ते त्याला जनावरांच्या डॉक्टर अनुपमाबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी त्याचं पोट चाचपलं, छातीला नळी लावली.

"हे असंच चाललं तर याचं काळीज फार दिवस साथ देणार नाही. कोण चोरून घालतंय ते शोधा."

नंदकुमारांनी बंड्याला छातीशी घट्ट धरलं. गटारातून उचलून, बाटलीने दूध पाजून वाढवलेला जीव तो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंड्या नेहमीसारखा एकटाच जिना उतरायला लागला, तसे नंदकुमार चपला हातात घेऊन त्याच्या मागे निघाले. बघतात तर काय, दारोदार बायका ताटल्या घेऊन उभ्या! ताटलीत तेलाने माखलेली गुळाची पोळी. आणि बंड्या हळदीकुंकवाला निघाल्यासारखा या दारातून त्या दारात!

दुसऱ्या मजल्यावरच्या शकुमावशींनी सगळं सांगून टाकलं. तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाश ज्योतिष्यांनी जो येईल त्याला एकच उपाय दिला होता. शनीची पीडा असेल तर काळ्या कुत्र्याला रोज तेलगुळाची पोळी, एकशे आठ दिवस. खंड पडला तर पुन्हा पहिल्यापासून. आता बिल्डिंगमध्ये काळा कुत्रा एकच. शकुमावशींच्या मुलीचं लग्न, भाऊरावांचे गुडघे, जयाची दहावी, सगळ्यांचा शनी एकट्या बंड्याच्या पोटात!

नंदकुमारांनी हे थांबवायला सांगितलं.

"ब्याण्णव दिवस झालेत माझे," शकुमावशी म्हणाल्या. "आता कशी थांबू, सांगा?"

घरी येऊन नंदकुमारांनी बायकोपुढे, सुनंदेपुढे, बिल्डिंगचा उद्धार केला, तर ती मान खाली घालून पोळपाट धूत राहिली.

"तुमच्या साडेसातीसाठी मीही घालते हो," ती म्हणाली.

नंदकुमार तडक ज्योतिष्यांकडे गेले आणि त्यांनी हात जोडले. कुत्रा मेला तर सगळ्यांचाच खंड पडेल, हे ऐकल्यावर ज्योतिष्यांनी घाईघाईने पंचांग उघडलं. बराच वेळ बोटं मोजून ते म्हणाले, कुत्र्याला सोसत नसेल, तर त्याच्या पालनकर्त्याने खाल्लेलंही शनीला पोचतं. मात्र दारात उभं राहूनच खायचं, आणि ताटलीत टाकायचं नाही.

महिनाभरात बंड्या सडसडीत झाला. अनुपमाबाईंनी त्याला तपासून शाबासकी दिली. मग त्यांची नजर नंदकुमारांच्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांवर गेली.

"वर्तक, तुम्ही जरा वजनकाट्यावर उभे राहा बघू."

नंदकुमारांनी पोट आत ओढलं. "नको बाई. भाऊरावांच्या गुडघ्यांचे अजून चाळीस दिवस राहिलेत."