गोगलगायींचा डबा

वाल्मीकरावांनी आयुष्यात एकदाच लेकीचं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं, आणि तेही चुकीचं ऐकलं.

त्यांची सृष्टी रत्नागिरीला समुद्री गोगलगायींवर अभ्यास करत होती. परदेशात लोक त्या चवीने खातात म्हणे. कुठल्या चाऱ्यावर त्या किती वजन धरतात, हा तिचा विषय. हॉस्टेलला सुट्टी लागली आणि बारा गोगलगायी खाऱ्या पाण्याच्या टाकीसकट नाशिकला घरी आल्या. मग तिला पुण्याला सरांनी बोलावलं. रिक्षात बसता बसता ती म्हणाली, "बाबा, रोज संध्याकाळी मूठभर शेवाळ घाला. फ्रीजमध्ये आहे. दोन वर्षांची मेहनत आहे माझी."

रिक्षाच्या फटफटाटात वाल्मीकरावांनी ऐकलं, शेवळं.

ते हरखून गेले होते. ओझरच्या कारखान्यात शिफ्ट करता करता लेकीचं लहानपण हातचं निसटलं होतं. तिचा शाळेचा डबा त्यांनी एकदाच भरला होता (आणि त्यात स्वतःचा गेटपास घातला होता). आता तिने आईला सोडून त्यांच्यावर काम सोपवलं होतं.

संध्याकाळी फ्रीजमध्ये शेवळं नव्हती. जूनचे दिवस, शेवळांसारख्या रानभाज्यांचा हंगाम. पोरगी घाईत आणायची विसरली असेल. फोन करून विचारणं त्यांना कमीपणाचं वाटलं. ते तडक बाजारात गेले. सुरगाण्याच्या सुलाबाईने शेवळांच्या जुडीबरोबर काकडं, त्या भाजीत घालायची आंबट रानफळं, हीही पुढे केली.

"ही घालूनच शिजवा, बाबा. नाय तं घसा लय खाजल."

"शिजवायची नाहीत. गोगलगायींना घालायची आहेत."

सुलाबाईने त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि काकडं फुकटच पिशवीत टाकली.

गोगलगायींनी शेवळांना तोंड लावलं नाही. सगळ्या सरकत सरकत पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. वाल्मीकराव स्टूल टाकून टाकीपाशी बसले, एक घास तरी खा म्हणून विनवू लागले. जेवायला मात्र ते वेळेवर उठत, कारण सृष्टीची आई उज्वलाताई रोज लसणाची फोडणी दिलेली एक झकास हिरवी भाजी वाढत होत्या. सृष्टीने कोकणातून आणलेली दिसते, मीठसुद्धा घालावं लागत नाही, असं त्या म्हणाल्या. वाल्मीकरावांनी एक भाकरी जास्त घेतली.

तिसऱ्या संध्याकाळी गोगलगायींना धीर यावा म्हणून त्यांनी स्वतःच कच्च्या शेवळाचा तुकडा चावला. घशात सुया टोचाव्या तसं झालं. डोळे वाहू लागले, आवाज बसला, आणि नेमका तेव्हाच सृष्टीचा फोन आला. पलीकडे तिला नुसतं हुंदक्यासारखं काहीतरी ऐकू गेलं.

"बाबा, रडू नका," ती घाबरून म्हणाली. "मेल्या का सगळ्या?"

सकाळच्या पहिल्या बसने ती घरी आली. टाकीत शेवळं पाहिली, फ्रीज पाहिला, मग आईला फ्रीजमधल्या शेवाळाच्या पिशवीचं विचारलं. सगळा उलगडा झाला. तिने टाकीतलं पाणी बदललं आणि एकेक गोगलगाय वजनकाट्यावर ठेवली. बाराच्या बारा जिवंत होत्या. तीन दिवसांच्या उपासाने त्यांचं काही बिघडलं नव्हतं.

वाल्मीकराव दारात उभे होते. "एकदा तरी तुझा डबा नीट भरावा, असं वाटलं गं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

सृष्टीचे डोळे भरून आले. तिने त्यांचा हात धरला, कपाटाखालचा वजनकाटा ओढला आणि त्यांना त्यावर उभं केलं. मागच्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्यांचं वजन केलं होतं, तो कागद तिने शेजारी ठेवला.

"गोगलगायी होत्या तेवढ्याच आहेत," ती वहीत लिहीत म्हणाली. "पण चारा उत्तम आहे, बाबा. तुम्ही सव्वा किलो वाढलात."