बायच्या पोटातलं पाणी

“गोड वास येतोय. म्हणजे रात्री परत सोडलंन हिने.”

सकाळी खिडकीखालून हे वाक्य ऐकू आलं आणि मी पांघरुणातच ताठ झाले. कोण कोणाचा वास घेतंय आणि कोणी काय सोडलंय, हे बाहेर जाऊन विचारण्याइतकी मी धीट नाही. पडदा बोटभर सरकवला. समोरच्या अंगणात सुर्वेकाका एका जुन्या पिकअपच्या पुढ्यात पालथे पडले होते. अंगात पांढरा कोट, नाक जमिनीला टेकलेलं. बाजूला नलूमावशी मासेवाली डोक्यावरची पाटी न उतरवता उभी होती.

“मला बांगड्याचा वास येतो,” ती म्हणाली.

“तुला देवळात पण बांगड्याचाच येणार. सर पलीकडे, तुझी पाटी मध्ये येते.”

पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायला म्हणून मी रत्नागिरीला परत आले, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. माझं टेबल खिडकीशी होतं आणि खिडकी बरोबर सुर्वेकाकांच्या अंगणावर उघडायची. त्यामुळे पुढचे दोन महिने मी कंपनीचं काम केलं की सुर्वेकाकांचं, हे नक्की सांगता येणार नाही.

काका आयुष्यभर एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त होताना शाळेने त्यांना नारळ आणि शाल दिली. काकांनी शाल परत केली आणि त्याऐवजी आपला पांढरा कोट मागून घेतला. भाट्याच्या पलीकडे सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, त्यांची हापूसची थोडी कलमं आहेत. तिथून आंबा खाली आणायला ही पिकअप. तिला ते बाय म्हणतात. बाय माझ्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान असेल. तिचा एक दरवाजा निळा आणि दुसरा पूर्वी निळा होता.

तर या बायच्या रेडिएटरमधलं पाणी कमी व्हायचं. रोज सकाळी तांब्याभर. काका रात्री तिच्या पोटाखाली आंब्याच्या पेटीचा पुठ्ठा उलगडून पसरायचे, म्हणजे थेंब पडेल तिथे डाग उठेल. सकाळी पुठ्ठा पापडासारखा कोरडा. वर रेडिएटरचं झाकण उघडलं की पाणी तांब्याभर कमी. त्या पहिल्या दिवसासारखा कधीतरी वास यायचा, पण डाग म्हणून दिसायचा नाही.

“पाणी जातं कुठे?” हा आमच्या वाडीचा त्या दिवसांतला मुख्य प्रश्न होता. दूध तापायला ठेवून माणसं त्यासाठी बाहेर यायची.

रिक्षावाला रमाकांतदादा रोज पहिल्या फेरीआधी तिथे थांबायचा आणि रोज वेगळं निदान करायचा.

“काका, हेड गेलं हिचं.”

“तुझं गेलं. हेड गेलं असतं तर ऑइलचं ताक झालं असतं. हे बघ, काळं कुळकुळीत.” असं म्हणून काका ऑइलची पट्टी त्याच्या नाकासमोर धरायचे.

“मग इंजिन पाणी पीत असेल.”

“पीत असेल तर धुरातून सोडेल.” मग काका कोटाच्या खिशातून स्वच्छ रुमाल काढून सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचे, एखाद्या सर्दी झालेल्या मुलाचं नाक पुसावं तसा. रुमाल ओला व्हायचा नाही. मग रबरी नळ्या अंगठ्याने दाबून बघायच्या, झाकणाचं वायसर बदलायचं, नळ्यांच्या क्लिपा अर्धा आटा आवळायच्या. एवढं करून काका मागे सरकायचे आणि आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचे. “थेंब खोटं बोलतो, रमाकांता. गळतो एकीकडे, लोखंडावरून चालत जातो आणि पडतो तिसरीकडे. थेंबावर विश्वास ठेवायचा नाही.”

“पण पडायला तर पाहिजे ना कुठेतरी?”

“तेच तर,” काका म्हणायचे, आणि दोघंही परत बॉनेटमध्ये डोकी घालायचे.

पण या सगळ्याच्या आधी गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला “होय महाराजा” म्हणायचं. लग्नाला घालतात, विहिरीला घालतात. काका ते बायला चावी मारायच्या आधी रोज घालायचे. पांढरा कोट, हात जोडलेले, आणि आवाज असा की आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या.

“बा देवा महाराजा! ही तुझी बाय आज तुझ्या दारात उभी आहे.”

“होय महाराजा,” नलूमावशी आणि रमाकांतदादा.

“तिच्या पोटातलं पाणी पोटातच ठेव.”

“होय महाराजा.”

“सडा चढताना तिचं डोकं तापू देऊ नको.”

“होय महाराजा.”

“आणि जो कोणी तिच्या वाईटावर असेल, मग तो घरातला का असेना, त्याला चांगली बुद्धी दे.”

“होय महाराजा,” दोघं जरा जास्तच जोरात.

घरातला म्हणजे निलेश, काकांचा ठाण्याचा मुलगा. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं की पाडव्याला येतो, तोपर्यंत गळती सापडली नाही तर बायला गिऱ्हाईक बरोबर घेऊनच येतो. आंबा भाड्याच्या टेम्पोने न्या. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे हे सगळ्या वाडीला माहीत होतं. “भाड्याचा टेम्पो आंबा नेतो,” काका म्हणाले. “बाय आंबा झोपवून नेते.” निलेशने फोन ठेवला.

काकूही ठाण्यालाच होत्या. सून कामाला जाते, नातू लहान, म्हणून काही दिवसांसाठी गेल्या होत्या त्याला आता दुसरा उन्हाळा. पूर्वी गाऱ्हाण्याला “होय महाराजा” त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, पोळी उलटता उलटता. त्या गेल्यावर काकांनी फोन बायच्या टपावर ठेवून बघितला. पण रेंज अशी की होकार एक वाक्य उशिरा यायचा. “हिचं वाटोळं होऊ देऊ नको” म्हणून काका थांबले की शांतता. “निलेशच्या मनात हिला भंगारात घालायचं आहे” म्हटलं की पलीकडून ठणठणीत “होय महाराजा.” दोन दिवसांत तो प्रयोग काकांनी बंद केला.

“नुसतं आपलं आपण बोलून चालत नाही का?” आईने एकदा कुंपणावरून विचारलं.

“छे हो वहिनी. होय म्हणणारं माणूस लागतं. नाहीतर गाऱ्हाणं वर पोचत नाही. वाटेतच गळतं.”

माझ्याबद्दल काकांनी पहिल्याच आठवड्यात एक निष्कर्ष काढला होता. मी इंग्रजी शाळेत शिकलेली आणि त्यांच्यासमोर एक अक्षर न बोलणारी. म्हणजे मला मराठी येत नसणार. मला येतं. फक्त माझं वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. पण हे सांगायलाही एक वाक्य लागलंच असतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं. मग काका माझ्याशी हातवारे करून, खूप मोठ्याने, प्रयोगशाळेतलं इंग्रजी बोलू लागले.

“गुड मॉर्निंग! टुडे अल्सो नो ड्रॉप! वॉटर गोइंग, बट नॉट फॉलिंग!”

मी मान हलवायचे.

एकदा त्यांनी मला खुणेनेच बोलावून बायच्या सीटवर बसवलं. “प्रेस. स्लो, स्लो. लाइक पोअरिंग घी.” मी तूप वाढावं तसा पाय दाबला, इंजिन घुमलं, आणि काकांनी बॉनेटच्या आडून अंगठा वर केला. मग रमाकांतदादाला म्हणाले, “बोलत नाही, पण समजतं हो तिला सगळं. बायसारखीच आहे.” आपली तुलना एका पिकअपशी झाल्याचं मला बरं वाटलं, हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

पाडवा जवळ येत होता. तशात एके दिवशी काकांच्या मांजराने बायच्या चाकाशी तोंड नेलं. पांढरं शुभ्र मांजर, नाव लिटमस. काका धावत आले, तिला काखेत मारली आणि रमाकांतदादाला म्हणाले, “हे कूलंटचं हिरवं पाणी गोड लागतं आणि विषारी असतं. चाटलंन तर मरेल.” त्याच दुपारी त्यांनी रेडिएटरमधलं सगळं हिरवं पाणी काढलं, आतून धुतलं आणि विहिरीचं साधं पाणी भरलं. इंजिनाला ते चांगलं नव्हे, हे त्यांना माहीत होतं. “इंजिन नवं मिळतं,” एवढंच म्हणाले.

पण साध्या पाण्याला रंग नाही आणि वासही नाही. रात्रभर विचार करून सकाळी काका देवघरातून कुंकवाचा करंडा घेऊन आले. प्रयोगशाळेत शिकलेलं सगळं त्यांनी या क्षणासाठी राखून ठेवलं असावं. करंडा रेडिएटरमध्ये रिकामा झाला. “आता कुठे जाशील?” ते पाण्याला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. पाणी तांब्याभर कमी.

“म्हणजे पुठ्ठ्याच्या बाहेर पडतो,” काकांनी जाहीर केलं. “शोधा. लाल थेंब.”

नलूमावशीने पाटी उतरवली. रमाकांतदादा उकिडवा बसला. तिघंही अंगणभर सरकत लाल थेंब शोधू लागले. आमच्याकडची माती लाल, अंगणाचा चिरा लाल, कुंपणाचा गडगा लाल, मातीतून चालून तिघांचे पाय लाल. अर्ध्या तासाने नलूमावशी कंबर धरून उभी राहिली.

“काका, जरा निळ्याबिळ्याचा विचार करायला हवा होतात.”

काकांनी चिमूटभर माती उचलून कोटाच्या बाहीवर घासून बघितली. “प्रयोग बरोबर आहे,” ते म्हणाले. “पार्श्वभूमी चुकली.”

त्या दिवशी त्यांनी बायला चावी मारली नाही. पायरीवर कोट घालूनच बसून राहिले. पाडव्याला दोन दिवस उरले होते.

मी वर टेबलाशी बसले होते. लिटमस गडग्यावरून चालत आली आणि उन्हात पसरली. तिच्या पाठीवर, बरोबर मधोमध, गुलाबी टिळा होता.

लिटमस रात्री कुठे झोपते ते वाडीत फक्त मला माहीत होतं, कारण संध्याकाळी दुसरं कोणी खिडकीत नसायचं. बाय सड्यावरून तापून आली की ती पुढच्या चाकावरून आत शिरायची आणि इंजिनाखालच्या आडव्या लोखंडी पट्टीवर ऊबेला अंगाचं वेटोळं करायची. सकाळी काकांच्या पहिल्या “बा देवा”ला घाबरून बाहेर.

मी खाली उतरले. वाक्य जिन्यावर जुळवत होते, ते फाटकापर्यंत विस्कटलं. मग मी सरळ काकांसमोर उभी राहिले आणि बोट दाखवलं. आधी मांजर. मग चाक. मग चाकाच्या वर.

काकांनी मांजराकडे बघितलं. मग ते पाठीवर आडवे झाले, बायच्या खाली सरकले आणि पट्टीच्या वर हात घातला. हात बाहेर आला तो मनगटापर्यंत लाल.

“पंप,” खालून आवाज आला. “वॉटर पंपाच्या भोकातून. थेंब मांजरावर पडतो. उरलेला तापल्या लोखंडावर वाळतो. पुठ्ठ्याला काय दिसणार, कपाळ?”

रमाकांतदादा गाल फुगवून हसायला लागला. काका मात्र बाहेर येऊन आधी लिटमसला घेऊन बसले. हिरवं पाणी काढायच्या आधीही ती तिथेच झोपत असणार, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कोमट पाण्याने तिला तीनदा धुतलं, डोळ्यांच्या पापण्या उलटून बघितल्या, संध्याकाळपर्यंत मांडीवरून उतरू दिलं नाही. तिला काहीही झालेलं नव्हतं. तिने काकांना दोनदा बोचकारलं.

गॅरेजवाल्याने पंप बदलताना विचारलं, “काका, ह्यात कुंकू कोणी घातलंन?”

“सवाष्ण आहे ती,” काका म्हणाले.

गळती सापडल्याचं फोनवर सांगूनही पाडव्याला निलेश आला तो गिऱ्हाईक घेऊनच. काकू आल्या नाहीत, नातवाला ताप होता. निलेशने बाय भाट्यापर्यंत नेली, सडा चढवला, उतरवला, बॉनेट उघडून स्वतः आत वाकला. कुठेही थेंब नाही. गिऱ्हाईक कोकम सरबत पिऊन एसटीने परत गेलं. बाय राहिली. त्या संध्याकाळी काकांनी तिच्या बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि निलेशला ठाण्याच्या गाडीत बसवून आले.

पुढे सगळं छान झालं, आणि तीच पंचाईत झाली. गळत नसलेली गाडी बघायला कोण थांबतो? रमाकांतदादा येता-जाता हॉर्न द्यायचा. नलूमावशी “बरी आहे ना बाय?” असं चालता चालताच विचारून वळणावर दिसेनाशी व्हायची. काका रात्री पुठ्ठा मात्र अजून पसरत होते. सकाळी तो उचलायचे, उलटसुलट करून बघायचे आणि घडी घालून ठेवायचे. कोरडा पुठ्ठा बघून इतकं हिरमुसलेलं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग एका सकाळी मी खिडकी उघडली तर काका कोट घालून बायसमोर हात जोडून उभे होते. अंगणात दुसरं कोणी नव्हतं. आवाजही नेहमीचा नव्हता, काचा थरथरल्या नाहीत.

“बा देवा महाराजा. बायचं बरं केलंस.”

ते थांबले. सवयीने, होकारापुरते. गडग्यावर लिटमस अंग चाटत होती.

“आता ठाण्याला नातू आहे, त्याचा सारखा येणारा ताप उतरव.”

थांबले.

“त्याच्या आजीच्या गुडघ्याला आराम दे. मे महिन्यात आंबा खायला इकडे येण्यापुरता तरी.”

मी जिना कधी उतरले ते कळलं नाही. फाटकाशी आले तेव्हा काकांची माझ्याकडे पाठ होती.

“आणि ती समोरची पोरगी आहे, महाराजा. इंग्रजीतली. दिवसभर एकटी खिडकीत बसते. बायचं दुखणं तिनेच ओळखलंन. तिला इथे चार शब्द बोलायला कोणीतरी मिळू दे.”

काका थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले, आणि मग जोडलेले हात सोडू लागले.

मला एकच वाक्य हवं होतं, आणि ते या वेळी तयार होतं.

“होय महाराजा,” मी म्हणाले.