सॉफ्टवेअरचाच घोटाळा

इतर शेजारी विरजण मागायला येतात. आमचे खानापुरे अण्णा बिघडलेली रेघ दाखवायला येतात. चुकलेल्या चित्राचा प्रिंटआउट काढून, त्यावर लाल पेनाने गोल करून ते बेल वाजवतात. मी सर्जापूर रोडचा ट्रॅफिक सोसून नुकती घरात शिरलेली असते, लॅपटॉपची बॅग खांद्यावरच असते. "दमलीस का?" असं विचारून, उत्तराची वाट न पाहता ते आपल्या कानडी मिसळलेल्या मराठीत म्हणतात, "स्वल्प बघ गं. ब्रश पुन्हा संपावर गेला."

अण्णा सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. "रेघ सरळ, तर माणूस सरळ" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. पार्किंगचे पट्टे रंगवले तेव्हा ते जमिनीवर बसून, एक डोळा मिटून ते तपासत होते. रंगारी अजूनही त्यांना पाहिलं की मागच्या गेटने जातो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण अक्कांसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, अण्णा स्वतः काढतात. भोवती तिळाच्या फुलांची वेल, मध्ये मजकूर. सगळा संसार ही वेल कागदावर फुलली. यंदा मात्र "कागद आउटडेटेड झाला" असं जाहीर करून त्यांनी मुलीने दिलेली चित्रं काढायची डिजिटल पाटी बाहेर काढली, आणि माझ्या संध्याकाळी संपल्या.

मी सगळ्याच गोष्टींच्या याद्या करते, तशी अण्णांच्या ब्रशचीही केली आहे. लेयरला, म्हणजे चित्राच्या थराला, कुलूप लागलंय का? ओपॅसिटी शून्यावर जाऊन रंग पारदर्शक झालाय का? कुठे सिलेक्शन राहिलंय का? एकदा ब्रश कुठेच उमटेना. पाहिलं तर कोपऱ्यात मुंगीएवढा भाग सिलेक्ट झालेला, आणि ब्रश त्याबाहेर यायला तयार नाही.

"म्हणजे एवढ्या घरात याला फक्त देवघरात पाऊल टाकायची परवानगी?" अण्णा म्हणाले. "सरी, बरं, मग तोंडाने सांगायचं ना!"

दुसऱ्यांदा सिमेट्री चालू राहिली होती. एक रेघ काढली की पलीकडे दुसरी. "आमच्या कारखान्यात एका कामात दोन कामं झाली असती, तर चौकशी बसली असती."

तेवढ्यात अक्का चहा आणतात. मला काठोकाठ, अण्णांना अर्धा.

"बघ, दिवाळीपासून नवऱ्याला रेशनिंग आहे," अण्णा कुरकुरतात.

"आधी तेवढा प्या. अजून आहे," असं म्हणून अक्का आत जातात.

परवा आमंत्रण पाठवायचा शेवटचा दिवस होता आणि वेल काही होत नव्हती. रेघ थरथरत होती, भिंतीवर चढणाऱ्या पालीसारखी वळवळत होती. मी यादी संपवली. लेयर ठीक, सिलेक्शन नाही, पेनाचं टोक नवं. शेवटी पेन मी हातात घेतलं आणि एक रेघ ओढली.

सरळ आली.

अण्णांनी एक डोळा मिटून ती रेघ तपासली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "अगं, ऐकलंस का? सॉफ्टवेअरचाच घोटाळा आहे म्हणे!" आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "डॉक्टरकडे जाऊन आलोय. कंप आहे हाताला. तिला सांगू नकोस. ती रात्रभर झोपायची नाही."

यादीत एक गोष्ट राहिली होती. सेटिंगमध्ये स्मूदिंग नावाची सोय असते. हात थरथरला तरी ती रेघ सावरून घेते. मी ती शेवटपर्यंत वाढवली आणि पेन त्यांच्या हातात परत दिलं. वेल वळली, फूल आलं, पान आलं.

"हां!" मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. "सेटिंगच चुकलं होतं, अण्णा!"

"मी म्हणत नव्हतो?" अण्णा त्याहून मोठ्याने म्हणाले.

अक्का चहा घेऊन आल्या. पडद्यावरची वेल पाहून म्हणाल्या, "छान झालीय हो. दरवर्षीसारखीच." मग त्यांनी मला भरलेला कप दिला आणि अण्णांना अर्धा.

"आज तरी पूर्ण द्यायचास," म्हणत अण्णांनी कप उचलला. तो हातात थरथरला, चहा हिंदकळला, काठापर्यंत गेला आणि परत खाली आला. एक थेंबही सांडला नाही.

अक्का तेव्हा खिडकीबाहेर पाहत होत्या.