उंच ओळीतली शिट्टी

तपासाच्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. वय एकोणऐंशी. हरवलेले चष्मे शोधण्याचा दांडगा अनुभव. त्यांतले बहुतेक माझेच. जिन्यातला दिवा दिवसा कोण चालू ठेवतं, शेजारच्या सासू-सुनेचा अबोला कशावरून, अशी नाजूक प्रकरणं मी नुसत्या निरीक्षणावर हाताळली आहेत. त्यांतली सुटली किती, असा प्रश्न आमच्या वन्सं विचारतात. वन्सं म्हणजे माझी नणंद. पन्नास वर्षं आम्ही एका घरात राहतो, आणि पन्नास वर्षं त्यांना माझ्या कीर्तीची बातमी लागलेली नाही. तपास करणाऱ्याला डोळे, नाक आणि कान लागतात. डोळ्यांना चष्मा आहे. नाक मी कुठेही खुपसू शकते. कानांचं पुढे सांगते.

आम्ही सात बायका दर गुरुवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत जुनी गाणी म्हणायला जमतो. त्यात विहिरीवर दोर ओढताना म्हणायचं एक गाणं आहे. ते माझ्या आईचं. तीन ओळी खालच्या सुरात आणि चौथी एकदम उंच, कारण तिथे भरलेली बादली काठाशी येते आणि शेवटचा हिसका द्यावा लागतो. ती उंच ओळ मी एकटी म्हणते, बाकीच्या मागून झेलतात. विहीर बुजली, बादल्या मोडीत गेल्या. गाणं पुरं येणारी आता मीच उरले आहे.

गेल्या महिन्यात जुनी गाणी जतन करणाऱ्या संस्थेची एक बाई येऊन आमची बारा गाणी रेकॉर्ड करून गेली. मग तिचा निरोप आला. अकरा उत्तम. विहिरीचं गाणं सर्वांत गोड, पण दर चौथ्या ओळीत बारीक शिट्टी वाजते. पुढच्या गुरुवारी ते पुन्हा घेऊ. तेव्हाही वाजली तर सोडून द्यावं लागेल.

आमच्या म्होरक्या हेडबाई. शाळा सोडून वीस वर्षं झाली, पण पट्टी अजून हातात असल्यासारख्या बोलतात. त्या म्हणाल्या, "ती शिट्टी मलाही ऐकू येते. आपल्यातलंच कोणीतरी वाजवतंय."

"मी शोधून काढते," मी म्हणाले.

सगळ्यांनी वन्संकडे पाहिलं. वन्संनी खिडकीबाहेर पाहिलं.

आता कबूल करते. ती शिट्टी मला ऐकूच येत नव्हती. माझा डावा कान कधीच संपावर गेलाय आणि उजव्यात मशीन आहे, केसांखाली लपवलेलं. ते फक्त वन्संना ठाऊक होतं, तेही शपथेवर. बारीक, उंच आवाज तुम्हाला मशीन लावूनही येणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. मी म्हटलं, काही बिघडत नाही, ते बहुतेक माझ्या जावेचेच होते. पण शिट्टी न ऐकता शिट्टीचा तपास करायचा कसा? मी हेडबाईंच्या डाव्या भुवईवर नजर ठेवली. भुवई चढली की शिट्टी झाली, असं समजायचं. यालाच पद्धत म्हणतात.

पहिला संशय पंख्यावर. पंखा बंद केला. सात बायका घामानं निथळल्या. चौथी ओळ आली, भुवई चढली.

दुसरा संशय खिडकीतल्या पक्ष्यावर.

"पक्ष्याला नेमकी चौथीच ओळ का आवडावी?" वन्संनी विचारलं.

"रसिक असेल."

खिडक्या लावल्या. भुवई चढली.

मग माझं लक्ष शिंपीणबाईंवर गेलं. गरीब स्वभावाची बाई. गाताना मांडीवर कोणाचा तरी झगा घेऊन टीप मारत बसते. तिनं दोन महिन्यांपूर्वी नवी कवळी बसवली होती.

"शिट्टी कधीपासून आहे?" मी हेडबाईंना विचारलं.

"झाले असतील दोन महिने."

"बघा!"

"दोन महिन्यांत," वन्सं हळूच म्हणाल्या, "आणखी कोणी काय काय बसवून घेतलंय, तेही बघ."

मदतनिसांना विषयांतराची फार सवय असते. मी भर खोलीत शिंपीणबाईंसमोर उभी राहिले. "तोंड उघडा."

"अहो, त्या ओळीला मी तोंड मिटूनच असते. ती ओळ तुमची."

"मिटल्या तोंडातही फट राहते."

तिनं सुई झग्यात खोचली आणि झग्याची घडी घातली. "बरं. गुरुवारी मी येत नाही. माझ्यापायी गाणं जायला नको."

ती जिना उतरून गेली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मी म्हटलं, चला, आता शिट्टीशिवाय एकदा होऊन जाऊ दे.

चौथी ओळ आली. भुवई पार केसांत गेली.

"वहिनी," वन्सं म्हणाल्या, "कानावरचा हात काढ."

उंच सूर लावताना मी उजव्या कानावर तळवा धरते. आई धरायची. मी हात काढला. भुवई उतरली. ठेवला, चढली. काढला, उतरली. हेडबाईंची भुवई मी दुकानाच्या शटरसारखी वरखाली केली.

"मशीनवर हात आला की ते शिट्टी मारतं. तू फोन कानाला लावतेस तेव्हाही मारतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू तपास करत होतीस. आणि शपथ घातली होतीस ना? ती बाई जिना उतरली, तेव्हा म्हटलं, शपथ गेली खड्ड्यात."

हात न धरता गाऊन पाहिलं, सूर घसरला. डाव्या कानावर हात धरला. त्या कानाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण ते नंतर बघता आलं असतं. आधी मी शिंपीणबाईंच्या दुकानात गेले.

तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

"शिट्टी माझी होती," मी म्हणाले आणि केस मागे सारून मशीन दाखवलं. जावेलासुद्धा जे दाखवलं नव्हतं, ते भर बाजारपेठेत दाखवलं.

तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली. अकरा होत्या. घाई नव्हती तिला.

"आता उघडू का तोंड?"

"उघडा. दोन शब्द सुनावा."

"सुनावते. मशीन काढून ठेवा आणि कानावर हात धरा."

"मग मला तुमचं कोणाचंच ऐकू येणार नाही."

"मी शेजारी बसते. तुमच्या पायावर पाय ठेवून ठेका देते. पाय उचलला की गाणं संपलं. कळलं?"

"कळलं."

"कळलं की तर्क केलात?"

गुरुवारी मशीन पर्समध्ये, तळवा कानावर आणि शिंपीणबाईंची टाच माझ्या अंगठ्यावर. एका ठेक्याला चूक नाही. जगात आवाज म्हणून उरला नव्हता, फक्त माझ्या डोक्यात आईचा होता. शेवटी टाच उचलली गेली. रेकॉर्डिंगवाल्या बाईनं हात वर केला. ती दाद देते आहे, असा मी निष्कर्ष काढला आणि डोळे मिटून अख्खं कडवं पुन्हा म्हटलं.

आठवड्यानं निरोप आला, तो हेडबाईंनी मोठ्यानं वाचला. शिट्टी नाही, गाणं घेतलं. फक्त शेवटी सगळ्या थांबल्यावर एक आवाज एकटाच गात राहतो. तेवढा कापू का?

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी माझ्या अंगठ्याकडे.

"मी पाय वेळेवर उचलला होता," झग्यावरची नजर न काढता शिंपीणबाई म्हणाल्या. "हे आधी लिहून कळवा. आणि मग लिहा, राहू दे."