झालर लावलेला एसी

"त्यात आहे काय? कोटाला आतून अस्तर लावतात, तसा गाडीला आतून एसी लावायचा," असं शिंपीमास्तरांनी सकाळी न्हाव्याला सांगितलं, दुपारी वाण्याला सांगितलं आणि दिवेलागणीपर्यंत गल्लीतल्या मांजरालाही ते तोंडपाठ झालं. ज्या माणसाने उभ्या जन्मात भल्याभल्यांची पोटं कोटात बसवली, त्याला एक लोखंडी डबा गाडीच्या डॅशबोर्डखाली बसवता येऊ नये?

मास्तरांची गाडी जवळजवळ मास्तरांच्याच वयाची. सायीच्या रंगाची, गुबगुबीत, पुढे दोन वाटोळे दिवे. बघणाऱ्याला वाटावं, बाई नुकतीच झोपेतून उठली आहे आणि कोण आलंय ते बघते आहे. मास्तर तिला राणी म्हणत. मास्तरांची बायको तिला सवत म्हणे. शिलाई मशीनच्या तालावर मास्तर तिच्यावर ओव्या रचत:

रंग सायीचा गाडीला, तिचे दिवे वाटोळे,
वळणाशी थबकले, वाटसरूंचे डोळे.

"इतक्या वर्षांत माझ्यावर अर्धी ओळ सुचली नाही तुम्हाला," बाई समोर बसून बटणं लावता लावता म्हणत. "वाटोळे डोळे मलाही आहेत."

"तुझं वेगळं आहे गं."

"वेगळंच आहे. मला हॉर्न नाही ना."

पण बाईंचं खरं दुखणं ओवीचं नव्हतं. राणीत उन्हाळ्यात बसलं की माणूस गरम इस्त्रीखालच्या रुमालासारखा वाफाळून निघे. काचा उघडाव्यात तर केसांचं घरटं होई; त्यात फक्त अंडी घालायची बाकी राही. आणि थंडीत दारांच्या फटींतून असा वारा शिरे की पायांची बोटं आहेत की गाडीत राहिली, हे घरी येऊन मोजून बघावं लागे.

त्यातच बाईंच्या थोरल्या बहिणीने डोंगरावर नवं घर बांधलं आणि सगळ्यांना रविवारी जेवायला बोलावलं. ही ताई म्हणजे मोठं प्रस्थ. ती दार उघडे, धाकटीकडे केसांपासून चपलांपर्यंत एकदा सावकाश बघे आणि म्हणे, "हं." बस, इतकंच. पण त्या एका "हं"मध्ये सगळं येई: चुरगळलेले कपडे, विस्कटलेले केस आणि शिंप्याशी केलेलं लग्न.

"मी बसने जाणार," बाई म्हणाल्या.

नेमके तेव्हा शेजारचे दातांचे डॉक्टर दारात उभे होते. राणीवर त्यांचा फार दिवसांपासून डोळा. ते हसले. डॉक्टर हसले की सगळे दात दाखवून हसत; धंद्याची पाटी वेगळी लावायला नको. "वहिनी, कशाला जिवाला त्रास? सवतीला मी घेऊन जातो. माझ्याकडे तिला शेड आहे, माळी आहे."

"माळी कशाला?"

"असू दे. शोभा असते."

बाईंनी सुई खाली ठेवली. "ऐका. रविवारी मी राणीतूनच जाते. खाली मैदानात ऊन असेल, वर डोंगरात थंडी असेल. ताईच्या दारात मी उतरेन तेव्हा माझे केस घरून निघाले तसेच असले तर गाडी राहील. नसले तर किल्ली डॉक्टरांना द्यायची. कबूल?"

मास्तरांच्या तोंडातल्या टाचण्या तोंडातच राहिल्या. टाचण्या तोंडात असताना माणूस "नाही" म्हणू शकत नाही. मान मात्र हलते. ती हलली.

"साक्षीदार म्हणून मीही येतो," डॉक्टर म्हणाले.

मग मास्तर गॅरेजच्या मिस्त्रीकडे गेले. जुन्या गाड्यांसाठी डॅशखाली टांगायचा डबा मिळतो, तो मिस्त्रीने मागवून दिला. चकचकीत चेहरा, वारा सोडायला गोल जाळ्या, एक बटण गारव्याचं, एक उबेचं. गारवा कॉम्प्रेसरचा, ऊब इंजिनातल्या गरम पाण्याची. इंजिनाकडची कामं मिस्त्रीने केली, पट्टा चढवला, गॅस भरला. पण गाडीच्या आत हात घालू लागला तेव्हा मास्तर आडवे आले.

"आतलं काम माझं. राणीच्या आतल्या कापडाला परका हात नको."

"बरं," मिस्त्री म्हणाला. "तीन नळ्या आहेत. या दोन गरम पाण्याच्या. ही बारकी, गारव्याने डब्यात पाणी साचतं ते बाहेर टाकायची. तिन्ही मापात कापा. बारकी सरळ खाली सोडा. सरळ, मास्तर."

आता तुम्हीच सांगा, शिंप्याला कुणी कापायला शिकवावं? मास्तरांचा जन्माचा नियम होता, मापात कधी कापायचं नाही. कापडाला माया सोडायची. गिऱ्हाईक आज सडपातळ आहे, उद्या सुटेल. शिवणीत दाबलेलं कापड उसवून अंगरखा मोठा करता येतो. कमी कापलेलं हवं तेव्हा कापता येतं, जास्त कापलेलं देवालाही जोडता येत नाही.

म्हणून मास्तरांनी तिन्ही नळ्यांना भरपूर माया सोडली. इतकी, की पुढेमागे एसी मागच्या सीटवर न्यायचा झाला तरी नळ्या पुराव्यात. मग उरलेली लांबी काय करायची? तिच्या त्यांनी सुरेख चुण्या घातल्या. घडीवर घडी, एकसारखी, परकराला घालतात तशी. मेणाच्या दोऱ्याने त्या गालिच्याच्या कडेला टाचून टाकल्या. बारक्या नळीची घडी खाली मावेना, ती वर वळवून डब्याच्या मागे खोचली. आणि एवढं सगळं दिसू नये म्हणून डब्याखाली लाल मखमलीची झालर लावली.

अंगणात गाडी सुरू करून त्यांनी गारव्याचं बटण फिरवलं. जाळीतून असा वारा आला की मास्तरांच्या मिशा आडव्या झाल्या. उबेचं बटण फिरवलं तर ऊब काही आली नाही. "इंजिन अजून थंड आहे," मास्तर समाधानाने म्हणाले आणि झालर हाताने सारखी करून घरात गेले.

रविवारी बाई बाहेर आल्या तेव्हा गल्ली थबकली. केशकर्तनवालीकडे सकाळ घालवून त्यांनी केस असे सरळ करून आणले होते की डोक्यावरून गुळगुळीत रेशमाचा तागाच सोडल्यासारखा वाटावा. मान वळवायची झाली तर त्या खांद्यांसकट वळत. मागे डॉक्टर बसले, मांडीवर नवा लोकरीचा कोट घेऊन. तो त्यांनी दुकानातून तयार आणला होता. मास्तरांनी आरशातून तो एकदाच पाहिला आणि सुतकी चेहरा केला.

मैदानातला रस्ता तापला होता. राणीच्या आत मात्र गार झुळूक. बाईंनी आधी केस चाचपून पाहिले. मग झालरीला बोट लावून म्हणाल्या, "बरी दिसते." मग काच थोडी उघडी होती ती स्वतःच वर केली. मग थोड्या वेळाने, अगदी हळू, गुणगुणल्या. मास्तरांनी श्वाससुद्धा जपून घेतला. मागे डॉक्टरांनी गारठून कोट अंगात घातला.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "कुठेतरी गुडगुडतंय."

"तुमच्या पोटात असेल."

"माझं पोट मागे आहे. आवाज पुढून येतोय."

आवाज डब्यातून येत होता. गारव्याचं पाणी बारक्या नळीने निघायचं, पण नळी वर वळवलेली. पाण्याला डोंगर चढायची सवय नसते. ते बिचारं डब्यातच साचत राहिलं.

घाट लागला. पहिलं वळण डावीकडचं. डबा भरला होता, पाणी उजवीकडे धावलं आणि जाळीतून भसकन मास्तरांच्या मांडीवर आलं. बर्फाचं पाणी. मास्तरांच्या डोळ्यांपुढे सगळे पूर्वज उभे राहिले.

"काय झालं?" बाईंनी खांद्यांसकट वळून विचारलं.

"काही नाही. देखावा सुंदर आहे."

आता पुढचं वळण उजवीकडचं. म्हणजे पाणी डावीकडे जाणार, म्हणजे बाईंकडे. मास्तरांनी गाडीचा वेग इतका कमी केला की मागून एक म्हातारा सायकल हातात धरून चालत आला आणि त्यांना मागे टाकून गेला. जाता जाता त्याने काचेतून विचारलं, "ढकलू का?"

असा घाट चढला. डावी वळणं मास्तरांनी झोकात घेतली, पाणी आपल्या मांडीवर सांडून डबा हलका करत. उजवी वळणं अशी घेतली की जणू मांडीवर झोपलेलं मूल आहे. माथ्याजवळ येईतो त्यांच्या विजारीत एक तळं झालं होतं आणि बाईंचा एक केसही हलला नव्हता.

"आता गार पुरे," बाई म्हणाल्या. बाहेर धुकं उतरलं होतं. "ऊब सोडा."

मास्तरांनी गारवा बंद केला, उबेचं बटण फिरवलं. डब्यातून नुसताच थंड वारा आला. बटण पुरतं फिरवलं, वारा फक्त जोरात आला. नळीला घडी घातली की तिचा गळा आवळतो, गरम पाणी पुढे सरकत नाही. कापडाला गळा नसतो, म्हणून मास्तरांच्या हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

"अहो, माझे दात वाजतायत."

"वाजू द्या वहिनी," मागून डॉक्टर म्हणाले, "आवाज निरोगी आहे." आणि त्यांनी किल्लीकडे असं पाहिलं, जसं ते पिकलेल्या दाढेकडे बघतात.

मास्तरांना आता राणी दिसेना. डॉक्टरांची शेड दिसू लागली, तिच्यात उभी असलेली राणी आणि तिच्या दिव्यांवर पाणी मारणारा तो माळी. त्यांनी गाडी कडेला घेतली, "चप्पल अडकली" असं पुटपुटत वाकले, झालरीखाली हात घातला आणि टाचलेला दोरा तोडला.

चुण्या सुटल्या. घाट चढून इंजिन उकळायच्या बेतात आलं होतं. इतका वेळ अडून बसलेलं गरम पाणी मोकळ्या नळीतून धावत डब्यात आलं, आणि डब्यात खाली गार पाणी साचलेलंच होतं. पुढे काय झालं ते ज्यांच्या घरी ओल्या कापडावर इस्त्री फिरते, त्यांना सांगायला नको. जाळ्यांमधून वाफ निघाली. आधी धाग्यासारखी, मग लोंढ्यासारखी. घटकेत बाई दिसेनाशा झाल्या, डॉक्टर दिसेनासे झाले, रस्ता तर केव्हाच गेला.

"मास्तर, आपण वारलो का?" मागच्या ढगातून आवाज आला.

"तुम्ही डोकं बाहेर काढा आणि रस्ता सांगा. घर जवळच आहे."

"डावीकडे घ्या. नको, उजवीकडे. एक गाय आहे. गाय गेली. सरळ."

मास्तर काच पुसत होते, ती पुन्हा धुरकट होत होती. शेजारच्या ढगातून एक हात आला. बाईंचा. त्या हाताने, त्यातल्या इस्त्रीच्या रुमालाने, मास्तरांच्या समोरचा काचेचा तुकडा पुसायला सुरुवात केली आणि शेवटपर्यंत पुसत राहिला. बाई रागावल्या आहेत की रडतायत, हे मास्तरांना त्या वाफेत कळेना. मग ऐकू आलं. त्या हसत होत्या, तोंड दाबून, वर्गात बाकाखाली हसतात तसं.

राणी ताईच्या फाटकाशी थांबली. दारं उघडली तशी वाफ भसाभस बाहेर पडली. ताईला वाटलं, गाडीने पेट घेतला. मग त्या ढगातून तिची धाकटी बहीण उतरली.

सरळ केसांचा तो रेशमी तागा पार गेला होता. त्याच्या जागी लाटा होत्या. कपाळावर एक बट, कानांपाशी दोन, मानेवर कुरळ्यांची झुंबड. गाल गुलाबी, डोळे ओले. लग्नाच्या आधी, मास्तर झग्याचं माप घ्यायला गेले होते आणि छातीचं माप कमरेच्या रकान्यात लिहून आले होते, तेव्हा ती अशीच दिसत होती. मास्तर किल्ली हातात घेऊन उभे होते, भिजलेल्या विजारीत, आणि किल्ली कुणाला द्यायची हे विसरले होते.

ताईने केसांपासून चपलांपर्यंत पाहिलं. नजर पुन्हा केसांवर आली. तिथेच राहिली.

"अगं," ती म्हणाली, "हे कुठे करून घेतलंस?"

बाईंनी मास्तरांकडे पाहिलं, विजारीकडे पाहिलं. सगळी डावी वळणं त्यांना एकदम समजली.

"गाडीत," त्या म्हणाल्या. "आमच्या गाडीत सोय आहे."

"पण वहिनी," डॉक्टर घाईघाईने उतरले, "ठरलं होतं की केस जसे निघाले तसेच..."

"डॉक्टर, आधी कोट बघा."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. वाफेने लोकर आटून बाह्या कोपरांपर्यंत चढल्या होत्या, आणि आतलं चिकटवलेलं अस्तर सुटून छातीवर टपोरे फोड आले होते. मास्तर हळहळत पुढे झाले, एक फोड बोटाने दाबून पाहिला. "चिकटवतात हो हल्ली," ते म्हणाले. "शिवत नाहीत." डॉक्टर त्या दिवशी जेवताना तोंड मिटून हसले.

किल्ली घरातच राहिली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला, झालर उचलून आत बघितलं आणि जरा वेळ डोक्याला हात लावून बसला. "कापून सरळ करतो," तो म्हणाला. तेव्हा बाई बटणांचा डबा टाकून धावत आल्या. "हात लावायचा नाही त्याला."

तेव्हापासून दर रविवारी ताई डोंगरावरून खाली येते. सोबत तिच्या दोन मैत्रिणी असतात. राणी अंगणात सुरू करून ठेवलेली असते, आधी गारवा, मग ऊब, काचा बंद, आतून ढगांनी भरलेली. त्या ढगांमधून हसण्याचे आवाज येतात. मास्तर बाहेर स्टुलावर बसतात, इंजिनाकडे लक्ष ठेवतात, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवतात. राणी घाटावर जाऊन किती दिवस झाले, हे ते कुणाला विचारत नाहीत.

परवा मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी काचेवर टकटक केली.

"मी येऊ का आत? थोडा वेळ?"

वाफेतून बायकोचा आवाज आला, फार प्रेमळ.

"जागा नाही हो."