बारा सह्यांचा वर्ग

बारा सह्या मिळाल्या नाहीत, तर हाल्वार मास्तरांचा ‘आजच्या समाजात धर्माचं काम काय?’ हा वर्ग प्रौढशिक्षणाचं अभ्यासमंडळ बंद करणार होतं. निवृत्तीनंतर चार लोकांसमोर बोलायची मास्तरांना तेवढीच एक जागा उरली होती. मागच्या गुरुवारी मात्र खरोखरच चार लोक आले होते, त्यातला एक ऊब घ्यायला.

म्हणून आज चर्चच्या सभागृहात स्वयंपाकघराच्या दाराने शिरल्यावर ते थबकलेच. चाळीस माणसं! सगळी काळ्या कपड्यांत, गंभीर. समोर कॉफी आणि भलामोठा सँडविच-केक. लोकांना विषयाचं गांभीर्य कळलं म्हणायचं, असं वाटून मास्तरांना भरून आलं. त्यांनी सह्यांचा कागद लगेच फिरवायला दिला. पुढच्या दारावर ‘हाल्वारचा वर्ग आज छोट्या खोलीत’ अशी चिठ्ठी होती. पण पुढच्या दाराने मास्तर कधी येतच नसत.

“मंडळी, खरं बोलू? आपल्या स्वीडनमध्ये चर्चला आता जातं कोण? या महिन्यात कोण गेलं होतं, हात वर करा बघू!”

चाळीस हात वर गेले.

मास्तरांची सगळी आकडेवारी खिशातल्या खिशात आडवी झाली. “कधी गेला होतात?”

“हे काय, आत्ताच,” पुढच्या टेबलावरच्या गुन्वोरबाई म्हणाल्या. “तागेसाठी.”

तागे म्हणजे नवा पाद्री असणार, असं मास्तरांनी ठरवून टाकलं. “आणि या तागेने तुम्हाला काय दिलं?”

“आता काय देणार बिचारा! पण सगळ्यांना एकत्र आणलं. हे दोघे भाऊ नऊ वर्षांनी एका टेबलाशी बसलेत.”

“मग यात देवाचं काय काम?” मास्तर तापले. “माणूसच माणसाला धरून बसतो! शेजारच्या घरातलं कोणी गेलं, की कॉफी घेऊन जातो. पाद्री नको, माणूस हवा!”

कोणीतरी हुंदका दिला. मध्येच अडवणं कोणालाच बरं वाटेना. अशा प्रसंगी दोन शब्द बोलायचा रिवाजच होता, आणि हा तागेचा कोणी जुना दोस्त दिसत होता.

तेवढ्यात कॉफीवाल्या माय-लिसने मास्तरांची बाही ओढली. “अरे हाल्वार, तागेला आत्ता पुरून आलेत सगळे! तुझा वर्ग शेजारी आहे!”

मास्तरांचे कान लाल झाले. कागद परत आला होता, शोकसंदेशाचा समजून केलेल्या चाळीस सह्यांसकट. घडी घालून सटकले असते, तर वर्ग वाचला असता. पण ते गुन्वोरबाईंपुढे जाऊन उभे राहिले.

“माफ करा, बाई. मी चुकून आलो. तुमच्या तागेला मी ओळखतसुद्धा नव्हतो.” आणि त्यांनी कागद टराटरा फाडला.

“ओळखत नव्हता?” गुन्वोरबाई बघतच राहिल्या. “बावन्न वर्षं जेवताना नवऱ्याच्या तोंडून हेच ऐकत आले मी. पाद्री नको, माणूस हवा! पाद्रीबाई मघाशी पुष्कळ गोड बोलल्या, पण त्यात मला तागे काही दिसला नाही. तो इथे दिसला.” त्यांनी नाक पुसलं. “आणि कागद कशाला फाडलात? दुसरा आणा. बावन्न वर्षांत मला त्याला कधी उत्तर देता आलं नाही. आता तरी शिकते. किती वाजता असतो वर्ग?”

दुसऱ्या कागदावर सतरा सह्या झाल्या. तो छातीशी धरून मास्तर छोट्या खोलीत गेले. तिथे चौघं अंगात कोट घालून गुपचूप बसली होती.

“अहो, अर्धा तास झाला! येऊन विचारायचं नाही का?”

“बरं दिसलं नसतं,” त्यातला एक म्हणाला. “भिंतीतून ऐकू येत होतं सगळं. तुम्ही हात वर करायला सांगितलंत, तेव्हा आमच्यापैकी एकानेही केला नाही. तुमच्या आकडेवारीत तेवढं लिहून घ्या.”