पायवाटेची बदली ड्यूटी

सन १९८९, वैशाख महिना, परीक्षांचे दिवस. विद्यापीठाच्या आवारातली एक पायवाट मी ताब्यात घेतली.

मी तेव्हा विद्यापीठाच्या सुरक्षा खात्याचा मुख्य अधिकारी, म्हणजे जमादार, होतो. पायवाट मुलींच्या वसतिगृहापासून परीक्षा भवनापर्यंत जायची. गुन्हा असा, की बाहेरून तपासणीला आलेल्या समितीला तिने भवनाऐवजी शेतकी विभागाच्या शेणखड्ड्यात नेऊन सोडलं. अध्यक्ष गुडघ्यापर्यंत आत गेले.

दोन गार्डांनी तिला सतरंजीसारखी गुंडाळली आणि चौकीमागच्या खोलीत ठेवली. तिने विरोध केला नाही. तडे जाऊ नयेत म्हणून मी गार्डांना तिच्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायला सांगितलं. ती होती तिथे मोकळी जागा राहिली. त्या जागेवरून चालता येत होतं, पण पोहोचता येत नव्हतं. मुली गवतात फिरायच्या आणि दमून परत वसतिगृहावरच यायच्या. डांबरी रस्त्याचा वळसा लांब. पेपरला उशीर होऊ लागला.

कुलसचिव हर्षे चौकीत आले. माणूस वाईट नव्हता. समितीच्या अहवालाच्या धास्तीने झोप उडाली होती त्यांची.

"सोमवारी सिमेंट येतंय," ते म्हणाले. "तिच्यावर ओतून टाकू. कायमचा बंदोबस्त."

सिमेंट ओतलं की पायवाट मरते. हे त्यांनाही माहीत होतं.

"चौकशी झाल्याशिवाय माझ्या ताब्यातल्या कोणाला शिक्षा होत नाही," मी म्हणालो.

"जमादार, ती वाट आहे."

"ताब्यात आहे."

ते खुर्चीत बसले. रुमालाने मान पुसली. "बरं, करा चौकशी. पण सोमवारच्या आत."

पायवाटेला तोंड नसतं. तिला प्रश्न विचारायचा आणि तिच्यावरून चालायचं. जिथे नेईल ते उत्तर. चौकीपुढच्या पटांगणात तिला उलगडली. हर्षे आले. वसतिगृहाच्या फाटकावरच्या गार्ड यमुनाबाई काकडे यांना साक्षीदार म्हणून घेतलं. त्या खात्यात माझ्या खालोखाल जुन्या.

मी मोठ्याने विचारलं, "समितीला शेणखड्ड्यात का नेलं?"

आम्ही तिघे चाललो. तिने आम्हाला वनस्पती विभागामागे नेलं आणि चंदनाच्या झाडापाशी थांबवलं. झाडाच्या बुंध्यावर करवतीचा जुना घाव होता.

"हे काय उत्तर झालं?" हर्षे म्हणाले.

"झालं की, साहेब," यमुनाबाई म्हणाल्या. "चार वर्षांमागं इथं दगडू शेलाराची ड्यूटी होती. लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला गावी जायचं होतं त्याला, आणि बदलीला माणूस मिळंना. मग त्यानं हिलाच उभी केली."

"वाटेला गार्ड केलं?"

"शिट्टी नव्हती दिली. नुसती ड्यूटी."

मला आठवलं. त्याच दिवशी पहाटे दोन चंदनचोर हातात करवत घेऊन स्वतःच्या पायांनी चौकीत आले होते. आम्ही तर जंगलात निघालो होतो, असं दोघे पुन्हा पुन्हा सांगत होते. त्यांचा जबाब मीच घेतला होता. शाबासकी दगडूला मिळाली.

आमच्या खात्याचा नियम जुना आहे. ज्याने तुमची ड्यूटी केली, त्याची एक ड्यूटी तुम्ही करायची. त्या दिवशी तो मोकळा. दगडू त्याच पावसाळ्यात काविळीने गेला. देणं राहिलं. पायवाटेने चार वर्षं वाट पाहिली आणि एक दिवस आपली सुट्टी आपणच घेतली. समिती नेमकी त्या दिवशी आली.

"म्हणजे ती त्यांना घेऊन गेलीच नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "ती तिच्या कामाला निघाली होती. मध्ये शेणखड्डा लागला; समितीवालेच तिच्यावर चढून बसले होते."

हर्षेंनी झाडाचा घाव बोटाने चाचपला. मग म्हणाले, "न कळवता गेली, हे तरी मान्य करा."

"मान्य," मी म्हणालो. "त्याची शिक्षा खोलीत भोगून झाली. आता खात्याने तिचं देणं फेडायचं."

"दगडू तर वारला."

"मेलेल्या गार्डाची ड्यूटी खात्यावर येते. खात्याचा मुख्य मी आहे."

यमुनाबाई मध्ये पडल्या. "साहेब, एखाद्या तरण्या गार्डाला सांगा. पैलवान आहेत चांगले."

"दगडूला शाबासकी मी दिली होती. त्यांनी नाही."

"जमादार," हर्षे म्हणाले, "वाट भवनापर्यंत जाते. तुम्ही साडेपाच फूट."

"ती गार्ड झाली तेव्हा तिची उंची कोणी मोजली होती?"

हर्षे रुमालाने पुन्हा मान पुसू लागले.

शनिवारी सकाळी सहाला पायवाटेला दोनपर्यंत मोकळी केली. तिने जराही वेळ घालवला नाही. टेकडी उतरून नदीकडे निघून गेली. मी टोपी यमुनाबाईंकडे दिली आणि इस्त्रीच्या गणवेशात वसतिगृहाच्या फाटकासमोर पालथा झोपलो.

पहिल्यांदा आलेली मुलगी थबकली. "अगं बाई! आजोबा, पडलात का?"

"पडलो नाही. ड्यूटीवर आहे. पेपर आहे ना?"

"हो, पण..."

"मग चल."

"चपला काढू?"

"वाटेवर कोणी चपला काढतं का?"

तिने पाऊल ठेवलं. पाठीवरून चालत गेली आणि भवनाच्या पायऱ्यांवर उतरली. नंतर रांग लागली. एकीने दुसरीला सांगितलं, "कमरेपाशी जपून गं, तिथे चढ आहे." कोणी माझ्यावर उभी राहून उजळणी केली, तेव्हा यमुनाबाईंनी दटावलं, "ए शहाणे, वाटेत उभी राहू नकोस!" मेसची बाई डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन गेली. गणिताचे एक प्राध्यापक सायकल घेऊन आले. "चालेल का?" त्यांनी विचारलं. उतरून न्या म्हणालो.

उशीर एकीलाही झाला नाही. बाराच्या उन्हात पाठ तापली. वाटेला सावली लागत नाही, म्हणून मीही मागितली नाही.

एकच्या सुमारास हर्षे आले. हातात फाइल.

"मला भवनात जायचंय," ते हळूच म्हणाले.

"या."

ते फार सावकाश चालले. मध्ये एका ठिकाणी शेणखड्डा डावीकडे होता, अगदी जवळ. मी त्यांना सरळ नेलं आणि त्यांच्या खोलीच्या दारात सोडलं. तिथे त्यांनी पाय निरखले; शेणाचा ठिपकाही नव्हता. मग शिपायाला हाक मारून म्हणाले, "ते सिमेंट सायकल स्टँडला टाका. आणि वाटेची सुट्टी आठवड्याला एक धरा. रविवारी."

दोनच्या ठोक्याला पायवाट परत आली. अंगाला नदीचा ओला चिखल होता. एका टोकाला करवंदाची जाळी अडकली होती. कुठे गेली होती ते मी विचारलं नाही. मी उठलो, ती माझ्या जागी पडली. यमुनाबाईंनी टोपी दिली. ती मी घातली.

दगडूचं देणं फिटलं.